एक कुठं गेला?

मोजायला उभं राहिल्यावर झुलालआबांनी उभ्या आयुष्यात 'एक' हा आकडा तोंडातून काढला नाही. धरणगावच्या मार्केट यार्डात ते पस्तीस वर्षं मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं मोजायचा, हे त्यांचं काम. ज्वारी असो की मका, पहिलं पोतं काट्यावर चढलं की आबा म्हणायचे, "लाभ!" पुढं मग दोन, तीन, चार, सगळं जगासारखं. फक्त पहिल्याचं नाव लाभ. "एक म्हनं का रास खुटस," असं ते सांगायचे. रास खरंच खुंटते की नाही ते देव जाणे, पण ते 'लाभ' ऐकून शेतकऱ्यालाही बरं वाटायचं आणि माल घेणाऱ्या शेठलाही. तोलाच्या वेळी दोघांनाही बरं वाटेल अशी दुसरी गोष्ट मी तरी पाहिलेली नाही.

आवाज असा की यार्डाच्या फाटकाबाहेर चहावाल्याला ऐकू जावा. हमाल रेंगाळले तर आबा कधी शिवी देत नसत. पोतं अजून जमिनीवर असतानाच ते पुढचा आकडा पुकारायचे. "सतरा!" अशी हाळी आली की सतरावं पोतं पाठीवर घेऊन माणूस पळतच यायचा. पुकारलेला आकडा तसाच ठेवायचा नाही, हा तिथला कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची टाप नव्हती.

त्यांची मुलगी सुलक्षणा आता एकतीस वर्षांची आहे. मराठी घेऊन बी.ए. झाली, बी.एड. केलं, आणि एका विनाअनुदानित शाळेत सहा वर्षं व्याकरण शिकवलं. गेल्या वर्षी शाळेला कुलूप लागलं. लग्नाचं विचारू नका, ती वेगळी कहाणी आहे आणि तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. शिक्षकभरतीची नवी जाहिरात निघेल म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा सुलक्षणानं एमसीएची प्रवेश परीक्षा दिली आणि जळगावच्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला. एमसीए म्हणजे सॉफ्टवेअरची मोठी पदवी, दोन वर्षांची. कॉम्प्युटरचा गंध नसलेल्यांनाही आता ती घेता येते. अट एकच, पहिल्या सत्रात 'ब्रिज कोर्स' नावाचा पूल ओलांडायचा. नाही ओलांडला तर आले तसे परत. गल्लीत हसू झालं. "समास सोडवणारी बाई आता कॉम्प्युटर सोडवणार म्हणे!" बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

आबा मात्र हसले नाहीत. प्रवेशाच्या दिवशी धुतलेली टोपी घालून ते तिच्याबरोबर एसटीनं जळगावला गेले आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिले. परतताना पाळधी गावाच्या जवळपास त्यांनी विचारलं, "हाई शिकीसन करनं काय पडस?"

सुलक्षणानं जमेल तसं सांगितलं. यंत्राला एकेक पायरी सांगायची, मग ते मोजतं, लावतं, शोधून देतं. आबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "म्हंजे मोजानंच काम शे ना? मंग तुले जमी."

त्यानंतर अकराव्या दिवशी आबांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. मार्केट यार्डभर घुमणारा तो आवाज पार बंद झाला. कळत सगळं होतं की नव्हतं, हे कोणालाच सांगता येईना. डोळे तेवढे हलायचे. घरात आई, झुंबरबाई, आणि सुलक्षणा, अशा दोघीच. भाऊ प्रेमराज सुरतला नोकरीला. तो चार दिवस राहून गेला, आणि फोनवर रडण्यापलीकडं बिचारा करणार तरी काय होता?

जळगावच्या दवाखान्यात वाचेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक कागद लिहून दिला होता. रोज एक ते दहा म्हणून घ्या. त्या म्हणाल्या, "बोलणं गेलं तरी जन्मभर पाठ झालेलं बहुतेक शिल्लक असतं. आकडे असतात, आरती असते. तुम्ही सुरुवात करून द्या, ते पुढं म्हणतील." म्हणून झुंबरबाई सकाळ-संध्याकाळ खाटेशी बसायच्या. "एक म्हना. म्हना ना, एक." आबा भिंतीकडं तोंड फिरवायचे. वीस दिवसांनी बाईंनी फाइलमध्ये लिहिलं, प्रतिसाद नाही. त्या दोन शब्दांनी झुंबरबाईंच्या अंगातलं उरलंसुरलं बळ काढून घेतलं.

"मन्हाघाई आते व्हस नही, पोरी," त्या एकदा चुलीपाशी म्हणाल्या. कॉलेज सोड असं त्या म्हणाल्या नाहीत. पण आई जेव्हा माझ्यानं होत नाही म्हणते, तेव्हा पुढचं मुलीनं समजून घ्यायचं असतं.

सुलक्षणानं समजून घेतलं. तसंही कॉलेजात तिचं काही बरं चाललेलं नव्हतं. निम्मे दिवस दवाखान्यात गेलेले, आणि उरलेल्या दिवसांत फळ्यावरचं अर्धं डोक्यावरून जायचं. तिच्या बाकावर शिरपूरची डिंपल बसायची, वय बावीस. तिची बोटं कीबोर्डवर बघता बघता पळायची, आणि ती मायेनं म्हणायची, "ताई, सोप्पं आहे हो." सोप्पं आहे हे ऐकून कोणाला कधी सोपं गेलंय का? सुलक्षणानं ऑफिसातून प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आणला. शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. खाली वडिलांच्या सहीची जागा होती. सही येत नसेल तर अंगठा.

रविवारी सकाळी तिनं तो अर्ज आबांना वाचून दाखवला. कशाला वाचला, कोण जाणे. रीत म्हणून वाचला. मग शाईचा पॅड उघडला आणि त्यांचा डावा हात, जो धड होता, हातात घेतला. आबांनी अंगठा आत घेतला आणि वर चार बोटं घट्ट मिटली. तिनं हळूच सोडवून पाहिलं. मूठ उघडेना.

"हात आखडी गया व्हई," झुंबरबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. त्यासले काय समजस आते?"

दोघींनी पॅड बंद करून ठेवला. दोन-चार दिवसांत हात सैल झाला की अंगठा घेऊ, असं ठरलं.

आता इथं थांबून एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुलक्षणा सात वर्षांची असताना आबांच्या मागं मागं यार्डात जायची. पोत्यांवर बसून आबांबरोबर मोजायची. दुसरीच्या वर्गात गुरुजींनी तिला उभं केलं आणि आकडे म्हणायला सांगितले. ती छाती काढून म्हणाली, "लाभ, दोन, तीन, चार..."

गुरुजींनी छडी टेबलावर आपटली. "एक कुठं गेला?"

तिला कळेना. तिच्या मोजण्यात एक कधी आलाच नव्हता, तर जाणार कुठं? सगळा वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून ती 'लाभी' झाली. पोरं मागून ओरडायची, "ए लाभी, एक सापडला का?"

ती दप्तर घेऊन रडत रडत थेट यार्डात गेली. तिथं माणकचंद शेठच्या गाळ्यासमोर एका शेतकऱ्याची ज्वारी तोलायला नुकती सुरुवात होत होती. पहिलं पोतं काट्यावर चढलं, आबांनी तोंड उघडलं, आणि त्यांचा शब्द निघायच्या आत ही पोर सगळ्या यार्डासमोर किंचाळली, "एक! एक! एक म्हणतात त्याला! तुम्ही मला खोटं शिकवलं!"

हमाल जागच्या जागी थांबले. शेतकरी कपाळावर हात मारून म्हणाला, "या पोरनी नाट लाया!" वर्षाच्या पिकाला पहिल्याच तोलाशी अपशकुन झाला, त्याला राग येणारच. माणकचंद शेठ नुसते आबांकडं बघत राहिले. आबांनी पोतं खाली उतरवायला लावलं, काटा पुसला, पोतं पुन्हा चढवलं, आणि म्हणाले, "लाभ." पण आवाज फाटकापर्यंत पोचला नाही.

मारलं नाही, रागावले नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी तिला यार्डात नेलं नाही, आणि तिच्यासमोर कधी मोठ्यानं मोजलं नाही. घरची ज्वारी कोठीत भरायची असली तरी ती शाळेत असताना भरायचे. तिनंही कधी माफी मागितली नाही. सात वर्षांच्या पोरीला सुचली नाही, आणि नंतर इतकी वर्षं गेली की विषय काढायची लाज वाटायला लागली. गणिताशी तिचं तेव्हापासून वाकडं. दहावीला काठावर पास झाली आणि मराठीच्या वाटेला लागली.

तर असो. बुधवारी ब्रिज कोर्सची पहिली प्रॅक्टिकल चाचणी होती. शिकवायला मुस्कान मॅडम, सव्वीस-सत्तावीसच्या, सुलक्षणापेक्षा लहान. धुळ्याच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या घरातल्या, म्हणून त्यांची उदाहरणंसुद्धा दुकानातलीच असायची. त्यांनी दहा पोत्यांची वजनं एका यादीत दिली आणि सांगितलं, प्रत्येक पोत्याचं वजन एकेका ओळीत छापा. मागच्या तासाला त्यांनी बजावलं होतं की यंत्र यादीतल्या पहिल्याला एक म्हणत नाही, शून्य म्हणतं. सुलक्षणाच्या वहीत त्याखाली दोन रेघा होत्या.

सुलक्षणा टाइप करायला लागली. पोतं म्हटल्यावर ओठ आपोआप हलायला लागले, तिला पत्ताच नव्हता. पहिल्या ओळीत पोती, कंसात शून्य. दुसऱ्या ओळीत पोती, कंसात दोन. मग तीन. मग चार. दहापर्यंत गेली आणि बटण दाबलं. नऊ वजनं छापून आली आणि दहाव्या ओळीला यंत्र लाल अक्षरांत अडून बसलं.

मुस्कान मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून वरून खाली वाचलं. शून्य, दोन, तीन, चार. त्यांना काही उलगडेना. खरोखर नवल वाटून त्यांनी विचारलं, "अहो, एक कुठं गेला?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण लॅब हसली. डिंपलसुद्धा हसली आणि मग तिनं तोंडावर हात धरला. सुलक्षणाच्या कानांत रक्त चढलं. चोवीस वर्षांनी तोच प्रश्न, तेच हसू. एकतीस वर्षांची बाई, सहा वर्षं जिनं वर्ग गप्प केले, तिला त्या खुर्चीतून दप्तर उचलून पळावंसं वाटलं.

तास संपल्यावर मॅडमनी तिला थांबवून घेतलं. "चुका रोज बघते मी, पण अशी चूक पहिल्यांदाच बघितली. तुम्ही पहिल्याला शून्य बरोबर दिलात. मग एकदम दोनवर कशा गेलात?"

सुलक्षणाला वाटलं, आता लपवून काय करायचं आहे? परवा तर जायचंच आहे. तिनं सांगून टाकलं. यार्ड, काटा, लाभ, दोन, तीन. मुस्कान मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या दुकानात दादाजी अजून पहिलं माप लाभच म्हणतात. मला सुचायला हवं होतं. बघा, बाकीची मुलं पहिल्याला एक म्हणायचं नाही इथंच अडतात. तुम्हाला ते लहानपणापासून येतं. तुमचं फक्त दुसरं चुकलं. शून्यानंतर एक घ्या, झालं." मग पुस्तकं आवरता आवरता त्यांनी सहज विचारलं, "वडील अजून मोजतात का तसंच?"

"नाही, त्यांची वाचा गेली," सुलक्षणा म्हणाली. "आई रोज म्हणून घेते, पण ते एकसुद्धा म्हणत ना..."

वाक्य तिथंच राहिलं. एकसुद्धा म्हणत नाहीत. अगं बाई! ते 'एक' कधी म्हणत होते? वीस दिवस आपण त्या माणसाला नाट लावतोय, आणि तो भिंतीकडं तोंड फिरवतोय तर आपण म्हणतोय प्रतिसाद नाही! तिनं पर्स उचलली आणि नीट निरोपही न घेता ती बसस्टँडकडं पळाली.

दिवेलागणीच्या आधी ती घरी पोचली. चप्पल काढली न काढली तोच आईला म्हणाली, "मापटं कुठंय?" धान्य मोजायचं लोखंडी मापटं कोठीमागं सापडलं. तिनं ज्वारीचं डबडं ओढत आणलं, खाटेसमोर जुनं लुगडं अंथरलं, आणि आबांना लोडाला टेकवून बसतं केलं. झुंबरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. पोरीचं डोकं फिरलं की काय, असं त्यांच्या तोंडावर सरळ लिहिलेलं होतं.

सुलक्षणानं पहिलं मापटं काठोकाठ भरलं आणि हातात धरून बसली. आता एक शब्द म्हणायचा, दोन अक्षरांचा. पण तो तोंडातून निघेना. सातव्या वर्षी यार्डात टाकलेला तो शब्द तिनं त्यानंतर मोजताना कधी उच्चारला नव्हता. आबा मापट्याकडं बघत होते. भिंतीकडं नाही, मापट्याकडं.

"लाभ," ती म्हणाली, आणि ज्वारी लुगड्यावर ओतली.

दुसरं मापटं भरलं. थांबली. आबांचे ओठ हलले, वाकडे झाले, लाळ हनुवटीवर आली. ती पुसायला झुंबरबाई पुढं होणार तेवढ्यात घोगरा, चिरका, पण आबांचाच आवाज आला.

"दोन."

झुंबरबाईंनी दाराची चौकट धरली. सुलक्षणानं दुसरं मापटं ओतलं. काही दाणे खाटेखाली गेले. "तीन," आबा म्हणाले. मग चार. पाचला आवाज जरा मोकळा झाला. डावा हात मांडीवर ताल धरायला लागला होता, एकेका आकड्याला एक थाप. सहा. सात. रविवारी मिटलेला तोच हात. सुलक्षणा त्या हाताकडं बघत राहिली आणि तिला सगळं कळलं. हात आखडला नव्हता. आबांनी अंगठा दिला नव्हता.

तिनं मापटं खाली ठेवलं आणि खाटेच्या कडेला डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. "आबा, त्या दिवशी मी चुकले. सगळ्यांसमोर तुमचा आवाज मी बसवला. तुम्ही खोटं नव्हतं शिकवलं." इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर आलं आणि आई मागून पाठीवरून हात फिरवत राहिली. आबांच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. उजव्या गालावरचं त्यांना कळलं नसेल.

बऱ्याच वेळानं ती सावरली. पर्समधून तो घडी घातलेला अर्ज काढला आणि त्यांच्यासमोर धरला. "आबा, तुम्हाला समजतं ना सगळं? मग तुम्हीच सांगा. आईच्या एकटीच्यानं होत नाही. मला तिथं अर्धं कळत नाही, पोरं हसतात. मी कॉलेज सोडू का?"

आबांनी अर्जाकडं पाहिलं. मग पोरीकडं, मग रिकाम्या मापट्याकडं. हो म्हणायला त्यांच्यापाशी शब्द नव्हता आणि नाही म्हणायलाही नव्हता. जन्मभर पाठ झालेलं तेवढं उरलं होतं. त्यांनी मान ताठ केली, छातीत हवा भरली, आणि रेंगाळणाऱ्या हमालाला यार्डात घालायचे तशी हाळी घातली.

"आठ!"

गल्लीतून जाणारा कोणीतरी थबकला. झुंबरबाईंनी डोळे पुसले, लेकीच्या हातून अर्ज काढून घेतला आणि म्हणाल्या, "भर बेटा. त्यासनी आकडा पुकारा, आते तो तसाच ठेवाना नही."

सुलक्षणानं मापटं उचललं आणि आठवं भरायला घेतलं.